त्याला म्हनावं

वीरधवलला मी पहिल्यांदा पाहिलं ते एका शाळेच्या स्नेहसंमेलनात. त्यानं मुख्याध्यापिकेच्या हातातला खडू घेतला, मूठ मिटली, उघडली. खडू नव्हता. पोरं ओरडली. मला खडूपेक्षा त्याचा चेहरा लक्षात राहिला. जादू करताना तो हसत नसे. आपलंच काही हरवल्यासारखा मुठीकडे बघत राही.

पुढं आम्ही सांगलीजवळ माधवनगरला एका खोलीत राहू लागलो. मी मराठीत एम.ए. करून एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. तो दिवसा कुपवाडला एका कारखान्यात लेथवर असे आणि सुट्टीच्या दिवशी जादूचे प्रयोग करी. वाढदिवस, शाळा, गणेशोत्सव, जत्रा. सामानाची पेटी मोटरसायकलला मागं बांधायची आणि निघायचं. कधी मी बरोबर जायचो. पेटी माझ्या मांडीवर असायची.

त्याचं घर कडेगावजवळच्या एका गावात. थोडा ऊस, विहीर, दोन म्हशी. वडील नाथाजी, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आई रंगूबाई. मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा आम्ही चौघं एकाच खोलीत जेवत होतो. नाथाजी ताटावरची नजर न उचलता म्हणाले, "त्याला म्हनावं, मोटर बंद केली का."

रंगूबाईंनी मान वळवली. "मोटर बंद केलीस का रं?"

"केली म्हन."

"केली म्हंतोय."

"बरं. म्हनावं, पाहुण्याला भाकरी वाढ."

भाकरीची टोपली वीरधवलच्या हाताशी होती. रंगूबाईंनी सांगितल्यावर त्यानं मला भाकरी वाढली. मला आधी गंमत वाटली. हात धुताना कळलं की तिथं कुणालाच ती गंमत वाटत नव्हती.

ह्यामागचं कारण वीरधवलनं परतीच्या वाटेवर सांगितलं. नाथाजी सैन्यात असताना बुद्धिबळ शिकले. सीमेवरच्या चौकीत बर्फ पडला की दुसरं काही करायला नसे. सुट्टीवर आले की ते पोराला घेऊन बसत. त्याला चाली शिकवल्या, वजीर जपायला शिकवलं. वीरधवल सातवीत असताना साताऱ्याला शाळांची स्पर्धा होती. नाथाजी त्याच्या मागं उभे होते. डाव हातातून चालला होता. समोरच्या पोराचं एक प्यादं पट ओलांडून वजीर व्हायला आलं होतं. वीरधवलनं आपला हत्ती सरकवला आणि त्याच हाताच्या करंगळीखाली ते प्यादं तळव्यात घेतलं. समोरच्या पोराला कळलं नाही. पंचालाही कळलं नाही.

नाथाजी पुढं आले. पोराचं मनगट धरलं. पंचाला म्हणाले, "माझ्या पोरानं प्यादं उचललंय."

मूठ उघडावी लागली. सगळा हॉल बघत होता.

"ती माझी पहिली जादू," वीरधवल म्हणाला. "पकडली गेलेली एकच."

त्यानंतर नाथाजी त्याच्यासमोर पटावर कधी बसले नाहीत. गावातलं कुणी खेळायला आलं आणि पोरगा घरात असला, तर डाव संपल्यावर ते पटावरची मोहरी पिशवीत टाकताना मोजत. मोठ्यानं मोजत. बोलणं मात्र तेव्हा चालू होतं. ते पुढं तुटलं. वीरधवल भरतीला गेला, पळण्यात पास झाला, आणि लेखीच्या दिवशी मिरजेला एका बारशात जादूचा प्रयोग करायला गेला. त्या संध्याकाळी नाथाजी बायकोला म्हणाले, "त्याला म्हनावं, हातचलाखीच करायची असंल तर घराबाहीर कर." तेव्हापासून बाप-लेकाचं सगळं बोलणं रंगूबाईंच्या तोंडून चाले.

मग रंगूबाई कावीळ होऊन गेल्या. निरोप पोचवणारं माणूस राहिलं नाही. वीरधवल गावी जायचा, बापाला चहा करून द्यायचा, म्हशींना वैरण टाकायचा आणि परत यायचा. दोघांत एक शब्द होत नसे. एकदा तो ताप अंगात घेऊन गेला. परतल्यावर म्हणाला, "आबा कपाळाकडं बघत व्हते. इचारायला कोन न्हवतं."

असंच वर्ष-दीड वर्ष गेलं. एका रविवारी तो पेटीतले रुमाल इस्त्री करत होता. म्हणाला, "मला एकदा आबांच्या समोर बसायचंय. पटावर."

"मग बस की."

"ते बसत न्हाईत."

"मग कसं?"

"सात जणांच्या समोर बसायचं. त्यातले एक आबा."

सांगलीत बुद्धिबळाचं वेड जुनं आहे. इथं पानपट्टीवरही पट मांडलेला दिसतो. एका शिक्षणसंस्थेचं रौप्यमहोत्सवी वर्ष होतं. संस्थेचे अध्यक्ष भाऊसो. वीरधवलनं त्यांना गाठलं. एकटा जादूगार जिल्ह्यातल्या तगड्या खेळाडूंशी एकाच वेळी खेळणार. भाऊसोंना कल्पना आवडली. सहा खेळाडू जमवायचं काम विष्णुपंतांकडे गेलं, त्यांत एक ते स्वतः; सातवी खुर्ची वीरधवलनं मोकळी ठेवायला सांगितली.

विष्णुपंत मूळचे वाईचे. आयुष्य सांगलीत गेलं. ऐंशीच्या घरात होते. शहरात जी मंडळी आज बरं खेळतात त्यातली निम्मी त्यांच्या ओसरीवर शिकलेली. नाथाजींना ते जुन्या स्पर्धांपासून ओळखत. त्यांनीच फोन केला. नाथाजी आधी नाही म्हणाले. पंत म्हणाले, "अहो, पट उघडा असतो. सगळ्यांच्या देखत खेळायचं. इथं हातचलाखीला जागा कुठं आहे?"

नाथाजी म्हणाले, "येतो. बघतो तरी."

वीरधवलच्या अटी दोन होत्या. तीन खेळाडूंना पांढरी मोहरी, तीन जणांशी तो स्वतः पांढऱ्यानं खेळणार. आणि कुणी चाली लिहायच्या नाहीत. कागद समोर असला की आपलं लक्ष जातं, असं त्यानं सांगितलं. पंतांना पहिली अट फार आवडली. असे खेळ खेळणारा सगळीकडे पांढरी स्वतःकडे घेतो, हा पोरगा निम्मी देतोय, म्हणाले.

ऐन वेळी भाऊसो म्हणाले, "मी बी बसतो. कॉलेजात खेळायचो."

वीरधवलनं त्यांना वाकून नमस्कार केला. त्याला सातवा माणूस असाच हवा होता, हे मला नंतर कळलं.

टेबलं गोलात मांडली होती. खेळाडू बाहेरच्या बाजूला, तो आत. टेबलांमध्ये इतकं अंतर की शेजारचा पट दिसू नये. सुरुवातीला त्यानं माइक घेतला. "मी बुद्धिबळपटू न्हाई. मी जादूगार हाय. आज जे व्हईल ती जादू समजा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो विनय वाटला.

मी त्याच्या बापाकडे बघत होतो. नाथाजी पाठ ताठ ठेवून बसले होते. त्यांच्याकडे पांढरी होती. पहिल्या फेरीत ते पटाकडे बघत नव्हते. पोराच्या हातांकडे बघत होते. दहाएक चालींनंतर त्यांनी हातांकडे बघणं सोडलं. कोपरं टेबलावर आली. कपाळाला आठी पडली. मग त्यांनी पटावरून डोकं वर काढलं नाही.

भाऊसो सगळ्यांत आधी संपले.

"माझा वजीर कुठं गेला रं?"

"सायेब, तुमीच दिला."

"मी दिला व्हय? बरं."

बाकीचे डाव रंगले. वीरधवल फिरत होता, थांबत होता, चाल करत होता. एक डाव त्यानं जिंकला, एक हरला. दोन बरोबरीत सुटले. विष्णुपंतांनी त्याला मात दिली आणि पाठीवर थाप मारली. शेवटी नाथाजींचा डाव उरला. काळ्या घोड्यानं त्यांच्या राजासमोरचं प्यादं खाल्लं होतं आणि स्वतः मरायला उभा राहिला होता. तो मारल्यापासून पांढऱ्या राजाला थारा राहिला नव्हता. मात झाल्यावरही नाथाजींनी बराच वेळ बघितलं. मग राजा आडवा केला.

बेरीज झाली. सहा तगड्या खेळाडूंकडून त्यानं निम्मे गुण घेतले होते. भाऊसोंचा एक वरचा. निवेदक ओरडला, "जादूगार विजयी!"

नाथाजी उठले. गोलाच्या आत आले. पोरासमोर उभे राहिले. मधे कुणीही नव्हतं.

"चांगला खेळलास," ते म्हणाले.

वीरधवलनं तोंड उघडलं. काही तरी सांगायला उघडलं होतं, एवढं मला दिसलं. तेवढ्यात भाऊसोंनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली. फोटोवाले आले. नाथाजींना कडेगावची गाडी धरायची होती. पंतांना त्यांचा नातू घेऊन गेला. जो तो पांगला.

माधवनगरला आलो. तिठ्यावरच्या चहाच्या गाड्यावर त्यानं मला सगळं सांगितलं. गोष्ट इतकी साधी होती की मी कप हातात धरून तसाच राहिलो.

तो खेळलाच नव्हता. नाथाजींनी पांढऱ्याची चाल केली की ती लक्षात ठेवायची, पलीकडं विष्णुपंतांच्या पटावर जायचं आणि तीच चाल पांढऱ्यानं करायची. पंत काळ्यानं जे उत्तर देतील ते घ्यायचं आणि फिरून नाथाजींना द्यायचं. अशा तीन जोड्या. प्रत्येक जोडीतले दोघं एकमेकांशी खेळत होते आणि दोघांनाही वाटत होतं, समोर जादूगार आहे. एकानं त्याला हरवलं की दुसरा त्याच्याशी हरणारच. सहा जणांकडून निम्मे गुण कुठंच जात नव्हते. खरा खेळायचा होता तो फक्त भाऊसोंशी.

"एका फेरीत तीन चाली ध्यानात ठेवायच्या. बास," तो म्हणाला.

"म्हणजे तुझे वडील पंतांशी हरले."

"व्हय."

"त्यांना सांगणार कधी?"

"आजच सांगणार व्हतो. डाव झाला की. म्हटलं, जादू बघून हसतील, न्हाईतर शिव्या देतील. कायतरी बोलतील." त्यानं शालीची घडी मोडली, परत घातली. "त्यांनी आदी बोलाय नको व्हतं, गड्या."

त्यानंतरचे काही आठवडे मी त्याला जेवढं सुखात पाहिलं तेवढं कधीच नाही. आणि तेवढं घाबरलेलंही नाही. रोज संध्याकाळी नाथाजींचा फोन येई. जेवलास का. कामावरनं कवा आलास. गाडी हळू चालव. मग हमखास डावाकडं वळत. "तो घोडा तुला दिसला कसा रं?"

"दिसला, आबा."

"पर कुठल्या चालीला? मी कडंचं प्यादं रेटलं तवाच?"

"तवाच."

"माजी खोडच हाय ती. पल्टनीत बी समदे शिव्या द्यायचे." फोनमधून त्यांचं हसणं मला खोलीच्या या टोकाला ऐकू येई.

गावात त्यांनी सगळ्यांना सांगितलं. एसटी स्टँडवर, सोसायटीत, न्हाव्याकडं. पोरगा जादूगार आहे हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगू लागले. जादूगार हाय, पर टकुरं बघा. आम्ही घरी गेलो तर त्यांनी पट काढला. वीरधवलचा चेहरा उतरला. म्हणाला, "परत खेळलो तर हारंन, आबा. ऱ्हाऊ द्या. एवढं एक ऱ्हाऊ द्या."

नाथाजींना ते फार गोड वाटलं. त्यांनी मोहरी पिशवीत भरली. मोजली नाहीत. मी आणि वीरधवल दोघांनीही ते बघितलं.

त्यानं सगळ्याचा विचार केला होता. टेबलांच्या अंतराचा, कागदांचा, सातव्या माणसाचा. पण विचार केला होता तो जादूगाराच्या डोक्यानं. जादू बघणारा माणूस टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. बुद्धिबळवाला हरला की घरी गेला तरी डाव सोडत नाही. त्याला कागद लागत नाही. तो डाव महिनोन् महिने डोक्यात घेऊन फिरतो आणि जाणकार भेटला की परत मांडतो. कुठं चुकलो ते त्याला दाखवून घ्यायचं असतं. नाथाजींनाही दाखवून घ्यायचं होतं. त्यांना जाणकार एकच ठाऊक होता.

त्यांनी विष्णुपंतांना जेवायला बोलावलं. वीरधवलला फोनवर म्हणाले, "येताना पंतांना गाडीवर घिऊन ये. सावकाश आन."

तेव्हाही त्याच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. पंतांना त्यानं मोटरसायकलवर आणलं. मी एसटीनं गेलो. जेवणं झाली. शेंगदाण्याची चटणी पंतांना तिखट लागली, त्यांनी दोनदा दही घेतलं. नाथाजींनी ओसरीवर घोंगडं अंथरलं आणि पट मांडला.

"पंत, पोरानं मला कसा मारला ते दावतो. माझी पांढरी. मी सांगतो तशा काळ्या चाली तुमी लावा."

वीरधवल आत पाण्याचा तांब्या भरत होता. तो दारात आला आणि तिथंच राहिला.

नाथाजी आपली चाल करत, मग सांगत. काळ्याचं हे प्यादं दोन घर. आता हा उंट इथं. पंत लावत. पहिल्या काही चाली ते मान हलवत होते, हसत होते. मग हसणं थांबलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. एकदा दाराकडं बघितलं. परत पटाकडं.

नाथाजींनी कडेचं प्यादं रेटलं. "हितं माझं चुकलं. आन् हितं त्यानं काय केलं बघा..."

त्यांनी सांगायच्या आधी पंतांचा हात घोड्यावर गेला होता. घोडा उचलला गेला आणि राजासमोरच्या प्याद्याच्या जागी बसला.

"व्हय, त्योच," नाथाजी म्हणाले. मग म्हणाले, "तुमाला कसं ठावं?"

"सवयीनं गेला हात," पंत म्हणाले.

गोठ्यात म्हैस साखळी ओढत होती. नाथाजींनी पांढऱ्या राजानं तो घोडा मारला. आणि सांगणं बंद केलं.

"फुडच्या तुमीच लावा, पंत."

पंतांना चुकीची चाल लावता आली असती. तेवढ्यानं सगळं वाचलं असतं. मी पुढं त्यांना हे विचारलं. ते म्हणाले, "मनात आलं होतं रे. खोटी चाल लावायला हात उठला नाही." त्यांनी बरोबर चाल लावली. तिच्यापुढची लावली. त्याच्याही पुढची. दोघं डाव शेवटापर्यंत खेळले. नाथाजींनी राजा आडवा केला. त्या दिवशी केला होता तसाच.

वीरधवल दारातून म्हणाला, "आबा, मी आदीच बोललो व्हतो. माइकवर. जादू हाय म्हनून."

नाथाजींनी त्याच्याकडं पाहिलं नाही. पंतांकडं पाहिलं.

"पंत, त्याला म्हनावं, साताऱ्याला प्यादं एक व्हतं. ह्या खेपंला अख्खा डाव उचलला."

पंतांना ही रीत माहीत नव्हती. ते गोंधळले. दारात उभ्या माणसाला हे पुन्हा काय सांगायचं, म्हणून माझ्याकडं बघू लागले. मग म्हणाले, "नाथाजीराव, अहो डाव खरा झाला. तुम्ही आणि मी खेळलो. उत्तम खेळलो. त्यात खोटं काही नाही."

"आपुन खेळलो वो," नाथाजी म्हणाले. "मला वाटलं, ल्योक खेळला."

फोन बंद झाले. मला वाटलं होतं, येणं-जाणंही बंद होईल. तसं झालं नाही. दोघा म्हाताऱ्यांना एकमेकांशी खेळायची चटक लागली होती. दर रविवारी वीरधवल पंतांना गाडीवर बसवून गावी नेई आणि संध्याकाळी परत आणी. रविवार हा त्याचा प्रयोगांचा दिवस. प्रयोग कमी होत गेले, मग संपले. पेटी आमच्या खोलीत कॉटखाली गेली.

रंगूबाईंची जागा पंतांनी घेतली. पंत, त्याला म्हनावं, वैरन टाक. पंत, म्हनावं, ऊस तोडायला साखर कारखान्याची टोळी बुधवारी यायचीय. पंत दरवेळी जरा लाजत आणि निरोप देत. परतताना पाठीमागं बसून म्हणत, "मला हे बरं वाटत नाही रे."

"तुमी हाय म्हनून एवढं तरी हाय," वीरधवल म्हणे.

आणि तो शिकू लागला. खरंखुरं. कारखान्यातून सुटला की पंतांच्या ओसरीवर जाई. लहान पोरांबरोबर बसे, त्यांच्याकडून हरे. खोलीवर आला की पट मांडून बसे. मी जेवायला वाढून ठेवलेलं गार होई. त्याचं एकच चाललं होतं. एक दिवस आबांसमोर बसायचं आणि एक डाव खरा खेळायचा.

त्याचे हात फार चांगले होते. डोक्यात ते नव्हतं. तीन चालींपुढचं त्याला दिसत नसे. पंतांनी मला एकदा बाजूला घेतलं. "त्याला हे येणार नाही. दहा वर्षं बसला तरी नाही." मी म्हटलं, मग सांगा त्याला. ते म्हणाले, "तू सांग." मी सांगितलं नाही.

उन्हाळ्यात पंत गेले. दुपारी झोपले ते उठले नाहीत. कृष्णेच्या काठावर पन्नासेक माणसं होती, बहुतेक त्यांचे शिष्य. नाथाजी एसटीनं आले होते. वीरधवल एका टोकाला उभा, ते दुसऱ्या. शेवटी ते चालत माझ्यापाशी आले. वीरधवल तेव्हा माझ्या शेजारीच होता, खांद्याला खांदा लावून.

मला म्हणाले, "त्याला म्हनावं, रविवारी यायचं तसं ये. तुमी बी या."

मी काय करावं ते मला कळेना. ते वाट बघत होते. मी मान वळवली आणि वीरधवलला म्हणालो, "रविवारी ये म्हणतायत."

"येतो म्हन," तो म्हणाला.

रविवारी गेलो. ऊस तुटून गेला होता, रान मोकळं होतं. ओसरीवर घोंगडं अंथरलेलं होतं आणि पट मांडलेला होता. एका बाजूला नाथाजी बसले होते. त्यांनी समोरच्या जागेकडं बोट केलं. माझ्याकडं बघून म्हणाले, "त्याला म्हनावं, बस."

मी म्हणालो. तो बसला. पांढरी त्याच्याकडं होती.

बसताना त्यानं एक केलं. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. डावा हात घोंगड्यावर ठेवला, तळवा वर, बोटं पसरून. तो हात डाव संपेपर्यंत तिथंच राहिला. चाली तो उजव्या हातानं करी, अंगठा आणि एका बोटानं, मोहरं टोकाला धरून. विंचू उचलावा तसं.

नाथाजी पटाकडं कमी बघत होते. त्यांना तिथं बघण्यासारखं फारसं नव्हतं. ते त्या उघड्या तळव्याकडं बघत होते.

वीरधवल मन लावून खेळला. मला त्यातलं कमी कळतं, पण त्याच्या कपाळावरच्या घामावरून कळत होतं. पंतांनी शिकवलेली सुरुवात त्यानं नीट केली. मग ती सुरुवात संपली. पुढच्या काही चालींत त्यानं वजीर अशा घरात नेला की मलाही दिसलं.

नाथाजी थांबले. त्यांचा हात उंटावर होता, तो त्यांनी मागं घेतला. लावलेली चाल त्यांनी आयुष्यात कुणाला परत घेऊ दिली नव्हती.

"त्याला म्हनावं, वजीर माघारी घे."

मी सांगितलं.

वीरधवलनं पटाकडं बघितलं. आता त्यालाही दिसलं होतं. "न्हाई म्हन," तो म्हणाला. "केली ती केली म्हन."

"नको म्हणतोय," मी म्हणालो.

नाथाजींनी वजीर घेतला. त्यानंतर फार काही उरलं नव्हतं. वीरधवलनं राजा आडवा केला नाही. मात होईपर्यंत खेळला. मात झाल्यावरही बसून राहिला. त्याला वाटत असावं, आता ते काही तरी म्हणतील. चांगला म्हणणार नाहीत, वाईट म्हणतील. पण त्याला म्हणतील. मलाही तसंच वाटत होतं. मी खाली बघत होतो, माझ्याकडं बघायचं त्यांना कारण मिळू नये म्हणून.

नाथाजींनी पिशवी उघडली. एकेक मोहरं उचलून आत टाकू लागले. एक. दोन. तीन. मोठ्यानं. वीरधवलचा डावा हात अजून घोंगड्यावर तसाच होता, उघडा. ते मोजत राहिले. शेवटचं प्यादं हातात धरून त्यांनी एकदा त्या तळव्याकडं बघितलं, मग ते पिशवीत टाकलं.

"बत्तीस," ते म्हणाले.

पिशवीची नाडी ओढली. उठले. कोनाड्यात पिशवी ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "त्याला म्हनावं, जेवून जा."

तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी त्याला सांगितलं.